भाकीत वेगळं, शक्यता वेगळी

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि दिवस मावळायच्या आत बेळगावपासून निपाणीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एकच स्क्रीनशॉट फिरायला लागला. नेदरलँड्समधल्या कुणा गृहस्थानं म्हणे ग्रहांची स्थिती बघून तीन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. पाठवणाऱ्यांनी तो स्क्रीनशॉट वाचला असता तर दिसलं असतं, की त्यात तारीखच नव्हती. आज ना उद्या या टापूत साडेसातच्या आसपासचा भूकंप होईल, एवढाच मजकूर. टापू म्हणजे तुर्कस्तान, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन. मोठमोठ्या भूभ्रंशांवर, म्हणजे भूकवचातल्या भेगांवर वसलेल्या त्या मुलखाबद्दल 'आज ना उद्या' हे भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगाही सांगेल. तरी 'शास्त्रज्ञांना जमलं नाही ते यांना जमलं' हे पालुपद काही थांबत नाही.

भाकीत म्हणजे काय हे मटक्याच्या आकड्यावर पैसे लावणाऱ्याला सांगायला नको. ठिकाण अमुक, वेळ अमुक, मोठेपणा इतका. आकडा लागला किंवा गेला, मधलं काही नाही. भूकंपाचं असं भाकीत आजवर कुणालाही पुन्हापुन्हा जमलेलं नाही. चीनमध्ये १९७५ साली हाइचेंगला भूकंपाआधीच माणसं घराबाहेर काढली, त्याचे पोवाडे अजून गायले जातात. पुढच्याच वर्षी तांगशानला इशारा मिळाला नाही आणि सरकारी आकड्यानुसारच दोन लाख चाळीस हजारांवर माणसं गेली. हा दुसरा भाग फॉरवर्डमध्ये नसतो.

शक्यता सांगणारा तारीख देत नाही. अमुक टापूत, इतक्या काळात, इतक्या मोठ्या धक्क्याची शक्यता इतके टक्के, एवढंच तो म्हणतो. हे ऐकलं की आमच्याकडचं ठरलेलं उत्तर: "मग कळत न्हाई म्हणा की सरळ!" कोण कॉम्प्युटर वापरतो, कोण पंचांग, कुणाच्या नावापुढे डॉक्टर आहे, हे फरक माझ्या लेखी किरकोळ आहेत. घोळ एकाच जागी होतो: शक्यता खरी की खोटी, हे ठरवायचं कसं?

मोबाईलवर 'पाऊस ३० टक्के' असं दिसतं. तुम्ही कुरडया वाळत घालता, पाऊस येतो, आणि 'अंदाज चुकला' म्हणून तुम्ही मोकळे होता. दुसऱ्या दिवशी ८० टक्के दिसतं, थेंबही पडत नाही, परत 'चुकला'. दोन्ही वेळी तुमचाच निवाडा बिनबुडाचा. ते ३० टक्के त्या एका दिवसाबद्दलचा होकार-नकार नव्हताच. ज्या ज्या दिवशी ३० टक्के म्हटलं, ते सगळे दिवस एकत्र मांडा. त्यांतल्या दहापैकी तीन दिवशी पाऊस झाला असेल तर सांगणारा चोख. सहा दिवशी झाला असेल तर चुकीचा. आणि एकाही दिवशी झाला नसेल तरीही चुकीचाच! हे शेवटचं फार जणांच्या गळी उतरत नाही. ३० टक्के म्हणणाऱ्याकडे पाऊस तीनदा यायलाच हवा; न येणं ही त्याची चूक आहे.

पदार्थविज्ञानात हे निखळ दिसतं. थायरॉइडच्या उपचारात देतात त्या किरणोत्सारी आयोडीनचा अर्धायुष्यकाल आठ दिवसांचा. चिमूटभर आयोडीनमधले असंख्य अणू घ्या, आठ दिवसांत निम्मे संपणार, यात फरक पडत नाही. पण त्यातला हा एक अणू कधी फुटेल? ते कुणालाच सांगता येत नाही, उपकरण कितीही भारी असो. शिवाय अणू म्हातारा होत नाही. आठ दिवस टिकलेल्या अणूला पुढचे आठ दिवस टिकण्याची शक्यता नव्या अणूइतकीच, निम्मी. भाकीत शून्य आणि शक्यता तंतोतंत, दोन्ही एकाच डबीत. यावरून पदार्थविज्ञान फसलं असं कुणी म्हणत नाही. भूशास्त्राला मात्र लगेच फासावर लटकवतात.

मग टक्केवारीच्या आड लपून कुणीही काहीही सांगावं का? नाही. त्याला दुसरा प्रश्न विचारायचा: तुम्ही सांगितलं नसतं तर काय झालं असतं? जगात ६ हून मोठे भूकंप वर्षाला शंभराच्या वर होतात, म्हणजे आठवड्याला दोनेक. ५ हून मोठे हजाराच्या वर. तेव्हा 'येत्या आठवड्यात आशिया किंवा प्रशांत महासागरात ६ चा धक्का' असं म्हणणारा बरोबर ठरला तर त्यात कौतुक कसलं? शेअर बाजारातही तेच. निम्म्याहून थोडे जास्त दिवस बाजार वरच जातो, म्हणून रोज 'तेजी' ओरडणाराही निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येतो. टिप देणाऱ्याने, काहीच न करता जे जमलं असतं त्यापेक्षा किती सरस केलं, ते विचारा. आणि त्याने डिलीट केलेल्या पोस्टही मोजा.

'इतकी वर्षं झाला नाही, म्हणजे आता येणारच' हा याच गोंधळाचा धाकटा भाऊ. यात खुद्द शास्त्रज्ञही सापडले आहेत. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली जवळपास सारखे भूकंप झाले. सरासरी बावीस वर्षं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानं १९८५ साली सांगितलं की पुढचा १९९३ च्या आत होईल, खात्री ९५ टक्के. जागोजागी उपकरणं पुरली. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला. जागा बरोबर, मोठेपणा बरोबर, वेळ अकरा वर्षांनी हुकली. सहा घटनांवरून पंचांग मांडलं की असंच होणार.

आपल्याकडे हे पुराच्या वेळी ऐकू येतं. 'शंभर वर्षांचा पूर' येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू, असं २०१९ नंतर चिकोडी-निपाणी भागात लोक बोलत होते. २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगा परत महामार्गावर आली. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीचा एक टक्का कमी होत नाही. तीस वर्षं त्याच पूररेषेत राहणाऱ्याला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के. नदीकाठी प्लॉट विकणाऱ्याला यातलं काही ऐकायचं नसतं, आणि घेणाऱ्यालाही.

कोयनेचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ चा धक्का जुन्या लोकांना अजून आठवतो. त्यानंतर जेमतेम वीस बाय तीस किलोमीटरच्या त्या धरणालगतच्या टापूत ५ हून मोठे वीसेक भूकंप झाले. म्हणून तर केंद्र सरकारने तिथे खोल भोक पाडून अभ्यास चालवलाय. गोठण्याजवळचं चाचणीचं भोक तीन किलोमीटर खोल आहे. त्यातून उद्याची तारीख निघणार नाही. धरणाचं पाणी, खडक आणि ताण यांचं नातं उलगडलं तर टक्केवारी सुधारेल, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

उलट्या बाजूची चूक मात्र माणसं मारते. इटलीत लाक्विला शहरात २००९ साली महिनोन् महिने बारीक धक्के बसत होते. एका सरकारी अधिकाऱ्याने लोकांना धीर दिला, की लहान धक्क्यांतून ऊर्जा निघून जातेय, हे चांगलंच आहे. हे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही चूक. मॅग्निट्यूड एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते; ६ च्या भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ४ चे हजार धक्के लागतील. ६ एप्रिलला भूकंप आला, ३०९ माणसं गेली. पुढे २०१२ साली सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना शिक्षा झाली, २०१४ साली शास्त्रज्ञ अपिलात सुटले. 'भूकंप सांगितला नाही म्हणून तुरुंग' अशा बातम्या तेव्हा जगभर आल्या. खटला त्याचा नव्हता. शक्यता कमी असताना 'काही होणार नाही' असा दिलासा दिला, हा आरोप होता. थोडीशी शक्यता म्हणजे शून्य नव्हे, एवढं साधं तिथे सुटलं.

शेअर बाजारात आणखी एक गाठ आहे. इंडिया व्हीआयएक्सचा आकडा सांगतो की पुढच्या तीस दिवसांत निफ्टी किती हलेल असं लोकांना वाटतं. कुठल्या दिशेने, ते सांगत नाही. तरी तो बघून ऑप्शन, म्हणजे भाव कुठे जाईल यावरचे सौदे, घेणारे आहेतच, आणि बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के व्यक्तिगत ट्रेडर्सनी पैसे घालवले. इथे पक्कं भाकीत टिकूच शकत नाही. उद्या भाव वाढणार हे सगळ्यांना कळलं तर तो आजच वाढेल. अणूला तुमचं भाकीत ऐकू येत नाही, कोयनेच्या खडकालाही नाही. बाजाराला येतं.

मासळी या दोन्हींच्या मधोमध. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून, मासे कुठे जमण्याचा संभव आहे, हे मच्छीमारांना कळवते. जून-जुलैची बंदी आणि ढगाळ दिवस सोडले तर कारवार, मालवणच्या होड्यांना ती माहिती मिळते. माशांना ती कळत नाही, पण शेजारच्या होडीला कळते, आणि सगळ्याच तिकडे वळल्या की एकेकीच्या वाट्याला कमी येतं. जाणता तांडेल (होडीचा म्होरक्या) म्हणून 'आज मिळेल का' असं विचारत नाही. तो हंगामभराच्या फेऱ्या आणि जाळलेलं डिझेल समोरासमोर मांडतो. सूचना पाळून दहातल्या दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या आणि न पाळता चार जात असत्या, तर त्या दोनांबद्दल तो इन्कॉइसला शिव्या देत बसत नाही.