काडतुसी बंदुकीची निगा

छर्‍यांचे काडतूस उडवणाऱ्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीची घरच्या घरी होणारी साफसफाई, तेलपाणी आणि ठेवण. महाराष्ट्रात अशा बंदुका मुख्यतः कोकणात दिसतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत रानडुकरे, वानर यांच्यापासून शेती-बागायती राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या परवाने चालत आले आहेत. त्यांत एकनळी, दुनळी आणि जुनी ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची) असे तिन्ही प्रकार आहेत. यातल्या बहुतेक बंदुका वर्षाकाठी मोजकेच बार काढतात आणि उरलेला काळ दमट हवेत पडून असतात. त्यामुळे बंदूक उडवून जितकी खराब होते, त्याहून जास्त ती नुसती ठेवून खराब होते. निगा राखायची ती मुख्यतः पावसाळ्यापासून.

सर्वांत प्रचलित माप बारा बोअरचे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास सुमारे १८.५ मिमी असतो. रायफलीसारखे आटे आत नसल्याने मळ अडकायला जागा कमी असते आणि सफाईचे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते. सामानही थोडेच लागते : तीन तुकड्यांचा गज, फॉस्फर ब्राँझचा गोल ब्रश, लोकरीचा बोळा, जुन्या फ्लॅनेलच्या चिंध्या, मळ सोडवणारे द्रावण आणि पातळ तेल. शिवणयंत्राचे तेल चालते. खोबरेल किंवा गोडेतेल मात्र लावू नये. ते हवेने चिकट होत जाते, धूळ धरते आणि थंडीत खोबरेल तर कळीतच थिजते.

पहिले काम बंदूक रिकामी असल्याची खात्री. कळ दाबून नळी मोडायची, म्हणजे खुंटीवर खाली झुकवून उघडायची, काडतूस बसते त्या दोन्ही घरांत डोळ्याने पाहायचे, बोट घालून चाचपायचे. काडतुसे त्या खोलीतच ठेवायची नाहीत. ‘कालच रिकामी केली होती’ हे घरातल्या कोणाचेही म्हणणे इथे ग्राह्य धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मग पुढची लाकडी पट्टी काढून नळ्या दस्त्यापासून सोडवतात. गज नेहमी काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे घालावा. उलट घातला तर सुटलेली घाण घरात आणि काडतूस उचलणाऱ्या पट्टीखाली जाऊन बसते. द्रावणात भिजवलेली चिंधी फिरवून दहा मिनिटे थांबायचे, ब्रश आरपार न्यायचा, नंतर कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत ओढायच्या. शेवटची चिंधी तेलाच्या दोन थेंबांची. आता नळी उजेडाकडे धरून आत पाहावे. स्वच्छ नळीत उजेडाची वर्तुळे एकात एक अखंड दिसतात. काडतुसाच्या घरापुढे नळी अरुंद होते तिथे आणि तोंडाजवळच्या आवळ भागात करड्या रेघा दिसल्या तर ते शिसे किंवा काडतुसातल्या प्लास्टिकच्या वाटीचा लेप समजावा. तिथे ब्रश पुन्हा फिरवायचा.

नळीपेक्षा दुर्लक्ष होते ते बाकीच्या भागांकडे. काडतूस बाहेर ढकलणारी पट्टी वर उचलून तिच्याखाली पाहिले, तर न जळलेल्या दारूचे बारीक कण दिसतात. एवढासा कण तिथे राहिला की बंदूक नीट मिटत नाही आणि माणूस जोर लावतो. जुना दातांचा ब्रश यासाठी उत्तम. ज्या खुंटीवर नळी मोडते तिच्यावरचे जुने ग्रीस काळे आणि खरखरीत झालेले असते. ते पूर्ण पुसल्याशिवाय नवे लावले तर वंगणाऐवजी पॉलिश कागदाचे काम होते. नवे ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे पुरते. खुंटी झिजली आहे का हे पाहायला पुढची पट्टी काढून, नळी मिटलेली ठेवून, रिकामी बंदूक मुठीकडे धरून हलवतात. खुळखुळ जाणवली तर पुढचे काम कारागिराचे.

बार काढला त्याच रात्री बंदूक धुतलीच पाहिजे, हा जुन्या लोकांचा दंडक खोटा नव्हता. दारू पेटवणाऱ्या टोपीत पूर्वी पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. हा मिठाच्याच जातीचा क्षार हवेतले पाणी ओढतो आणि सकाळपर्यंत गंज धरतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो, म्हणून गरम पाणी. आजच्या काडतुसांत धूर न करणारी दारू आणि गंज न आणणारी टोपी असते. तिथे एक-दोन दिवस उशीर झाला तर बिघडत नाही. ठासणीच्या बंदुकीला मात्र जुना नियम जसाच्या तसा लागू आहे. शोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळताना तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे राहतो आणि ही राखही ओल धरते. त्या नळीत उकळते पाणी ओतून गजाने ती धुतात, टोपी बसते ते बोंडुकही काढून धुतात. पाणी उकळतेच हवे, कारण तापलेली नळी आपोआप सुकते. त्यानंतर तेल.

तेल किती, यावर घरोघरी मतभेद असले तरी सर्वसाधारण चूक जास्त लावण्याची आहे. बंदूक उभी ठेवली की जादा तेल नळीतून, चापाच्या यंत्रणेतून उतरत दस्त्याच्या तोंडाशी मुरते. अक्रोडाचे लाकूड तिथे काळे पडून मऊ होते आणि एके दिवशी तडकते. म्हणून साफ केलेली बंदूक पहिली रात्र तोंड खाली करून ठेवतात. दस्त्याला यंत्राचे तेल लावतच नाहीत. त्याला अळशीचे तेल, तेही तळव्याने चोळून, अगदी पातळ. बाहेरून नळीला हात लागला की घामाचे ठसे उठतात. शेवटी तेलकट फडक्याने पुसून मगच ठेवावी. बार काढण्याआधी नळीतले तेल कोरड्या चिंधीने काढून टाकायचे असते.

कातडी किंवा रेक्झिनच्या खोळीत बंदूक ठेवणे दिसायला व्यवस्थित, पण पावसाळ्यात ती खोळ ओल धरून बसते. उघडी, कुलपात, भिंतीला न टेकता आणि काडतुसांपासून वेगळी ठेवलेली बरी. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हा देण्यापूर्वी हात राखून नव्हे तर चांगले तेल द्यावे. परत आल्यावर आधी नळीतून आरपार पाहावे. कुंभारीण माशीला अशी भोके फार आवडतात. तिचा मातीचा गोळा आत राहून बार काढला तर नळी फुटते. तीच गत वीस बोअरच्या काडतुसाची : ते बारा बोअरच्या घरातून पुढे सरकून अडकते, घर रिकामे वाटते आणि मागून दुसरे भरले जाते. वीसच्या काडतुसांचा रंग पिवळा ठेवण्याचा प्रघात यासाठीच आहे.

पंचांगाशीही या कामाची सांगड आहे. खंडेनवमीला हत्यारे घासूनपुसून पुजतात आणि तो दिवस पाऊस सरता सरता येतो, म्हणजे चार महिन्यांचा गंज पाहायची वेळ आपोआप साधते. पाण्यात कालवलेले हळदकुंकू मात्र पूजा आटोपताच नळीवरून पुसावे, नाहीतर तिथेच पहिला ठिपका उठतो. कर्नाटकातल्या कोडगूत, जिथे स्थानिक कोडव समाजाला बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळ्द या सणात बंदुका फुलांनी सजवून पुजल्या जातात.

घरच्या हाताला मर्यादा आहे. नळीला पोचा आला, आत गंजाने खड्डे पडले किंवा नळ्यांचा जोड सुटला, तर बंदूक परवानाधारक कारागिराकडेच जायला हवी. खड्डे घासून काढले की नळीची भिंत पातळ होते आणि किती पातळ झाली हे मोजायचे साधन घरी नसते. नळीचे खराब तोंड कापून टाकण्याचा सल्लाही काही जण देतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे.