अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची शुश्रूषा: गोव्यात कोणता अर्ज, कुठे आणि कोणत्या कागदांवर

आईवडिलांपैकी कोणी पडलं, खुब्याचं हाड मोडलं किंवा पक्षाघाताचा झटका आला, की गोमेकॉमधून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातून) घरी आणल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरी नर्स ठेवायचे पैसे कार्डावर मिळतात का? मिळत नाहीत. आयुष्मान कार्ड इस्पितळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. महिन्याला हातात येणारे पैसे समाजकल्याण खात्याकडून येतात, आणि घरी येऊन रुग्ण बघण्याचं काम आरोग्य केंद्राचं. तीन वेगळ्या खिडक्या आहेत. एकीवरचं काम दुसरीवर मागत बसलं की दिवस फुकट जातो.

आधी कार्ड, कारण ते घरबसल्या निघतं. आयुष्मान वय वंदना कार्ड 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालं. अट एकच: आधारवर वय 70 किंवा त्याहून जास्त असावं. उत्पन्न बघत नाहीत, घर बघत नाहीत, पेन्शन किती हेही विचारत नाहीत. म्हणजे मामलेदाराकडे उत्पन्नाचा दाखला काढायला धावायची गरज नाही, तरी लोक धावतात. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतल्या इस्पितळांत रोख न भरता होतात. ही रक्कम कुटुंबाची असते, माणशी नव्हे. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर त्याच पाच लाखांत दोघांनी भागवायचं. जुना मधुमेह, जुनं हृदयाचं दुखणं पहिल्या दिवसापासून धरलं जातं, थांबायची मुदत नाही.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना आधीच असेल तर ती किंवा आयुष्मान, दोन्हींपैकी एक निवडावी लागते, आणि ही निवड नीट विचार करून करावी. माझं मत विचाराल तर नियमित औषधं आणि ओपीडी ज्यात मिळते ती जुनी सोय सोडण्यात शहाणपण नाही, कारण आयुष्मानमध्ये ओपीडी नाहीच. खासगी विमा किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असलेल्यांना मात्र हे कार्ड काढायला आडकाठी नाही.

नोंदणी आयुष्मान ॲपवर किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवर करायची. मोबाईलवर ओटीपी घेऊन आत जायचं, सत्तरीपुढच्यांचा पर्याय निवडायचा, आधार क्रमांक टाकायचा, केवायसी करायची, फोटो काढायचा, घरातल्या माणसांची माहिती भरायची. जमत नसेल तर यादीतल्या इस्पितळात आयुष्मान मित्र बसतो, तो करून देतो. शंका असेल तर 14555 वर फोन करावा.

गाडी अडते ती केवायसीवर. आधारला जोडलेला मोबाईल कधीच बंद पडलेला असतो, किंवा पुण्याला असलेल्या मुलाचा असतो आणि तो मीटिंगमध्ये. बोटांचे ठसे घ्यावेत तर तेही उठत नाहीत. आयुष्यभर काजू सोललेल्या बायकांच्या बोटांवर रेघा राहिलेल्याच नसतात, बियांचं तेल कातडी खाऊन टाकतं. अशा वेळी डोळ्याचा किंवा चेहऱ्याचा पर्याय वापरावा. खिडकीशी उजेडात बसवून चेहरा टिपला तर बहुतेक वेळा होऊन जातं. मोबाईल जोडायचा असेल तर पोस्टात चौकशी करा. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन तो जोडून देतो, थोडं शुल्क पडतं. माणूस अंथरुणातून उठूच शकत नसेल तर आधारवाल्यांनाही घरी यायची विनंती करता येते. आणि आधारवरची जन्मतारीख चुकलेली असेल तर ती एकदाच बदलून मिळते, म्हणून पुरावा हातात आल्याशिवाय अर्ज टाकू नका.

पासष्टीच्या आई-वडिलांसाठी हे कार्ड नाही. त्यांच्यासाठी गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: किमान 5 वर्षं गोव्यात राहणारं कुटुंब, तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर 4 लाख. घरात दोन्ही कार्डं असली तर भरती होतानाच दोन्ही खिडकीवर ठेवा, मागाहून बदल करायला निघालात तर डिस्चार्जच्या दिवशी रडाल.

डिस्चार्ज होताना मिळणारा सारांश हा पुढच्या सगळ्या कामाचा मूळ कागद. त्यावर निदान तर असतंच, पण शुश्रूषेच्या सूचनाही स्पष्ट लिहून मागा: नाकातली नळी कधी बदलायची, लघवीची नळी कोणी आणि किती दिवसांनी बदलायची, कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठीवर फोड दिसला तर काय करायचं. घाईत डॉक्टर "विश्रांती" एवढंच लिहून मोकळे होतात. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं धरलेली असतात, तीही तिथेच विचारून घ्यावीत.

हाच सारांश घेऊन आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जायचं, मग ते पेडण्याचं असो, डिचोलीचं की वाळपईचं. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन बघणं हे कामच आहे. छापील अर्ज हवा असं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज लिहावा: रुग्णाचं नाव, वय, वाडा, घराची खूण, फोन, चालता येतं की नाही, नळी आहे का, जखम आहे का. सोबत सारांश आणि आधारची प्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात कोणाला आठवत नाही. ही भेट म्हणजे रोजची नर्स नव्हे. बीपी-साखर बघणं, जखम बघणं, घरच्यांना कूस कशी वळवायची ते शिकवणं असं तिचं स्वरूप. तरी पाठीचा फोड वेळेत ओळखला गेला तर एक भरती वाचते.

महिन्याच्या पैशांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. वय 60 पूर्ण, गोव्यात 15 वर्षं वास्तव्य, आणि दरडोई वार्षिक उत्पन्न योजनेतून वर्षाला मिळणाऱ्या मदतीपेक्षा कमी. ज्येष्ठांना महिन्याला 2,000 रुपये बँकेत जमा होतात. अर्ज पणजीच्या समाजकल्याण संचालनालयाकडे. वयाचा पुरावा, मामलेदाराकडचे 15 वर्षांच्या वास्तव्याचे आणि उत्पन्नाचे दाखले, आधार, मतदार ओळखपत्र, बँक पासबुक आणि फोटो लागतात. सावंतवाडी, दोडामार्गकडून लग्न होऊन आलेल्या बायकांच्या बाबतीत वास्तव्याचा पुरावा जुळवताना दमछाक होते: जुनं रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, मतदारयादीतलं नाव, जे असेल ते गोळा करून मामलेदाराकडे न्या. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात, आणि थांबलेले पैसे पुन्हा चालू करणं नवा अर्ज करण्याइतकंच कटकटीचं.

पक्षाघाताने कायमचं अपंगत्व आलं असेल तर युडीआयडी कार्डाचाही (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) विचार करा, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर व्हीलचेअरसारख्या साधनांच्या योजना खुल्या होतात. पोरं सांभाळत नसतील तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाईन आहे.

शेवटी खासगी नर्स ठेवायचीच झाली तर आधी गरज ठरवा. आंघोळ, जेवण, डायपर, कूस बदलणं यासाठी प्रशिक्षित केअरटेकर पुरते. इंजेक्शन, सलाईन, नळ्या बदलणं हे नोंदणीकृत नर्सचं काम, आणि तिच्याकडे नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र असतं. एजन्सीवाले केअरटेकरलाच "सिस्टर" म्हणून पाठवतात, दर मात्र नर्सचा लावतात. म्हणून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र बघूनच आत घ्या. मुक्कामी राहणार असेल तर पोलीस पडताळणी करा. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, ती रजेवर गेली तर बदली कोण देणार, अनामत परत कधी मिळणार हे सगळं एजन्सीच्या लेटरहेडवर लिहून घ्या, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा.