पाटी ‘व्हीए’ची, वही आमची

“गाडी रजिस्टर झाली बरं का!” असा फोन आला की मी आधी विचारतो, कुठल्या रजिस्टरात? पलीकडे क्षणभर शांतता. मग, “म्हणजे काय, आरटीओत. व्हिंटेजचा व्हीए नंबर मिळाला. आता तुमच्या फियाटच्या यादीत आपोआप येईलच ना?” नाही येणार. आणि उलटा फोन त्याहून वाईट: “तुमच्या वहीत नाव आहे, म्हणजे गाडी व्हिंटेज झाली, हो ना? पोलिसाने अडवलं तर काय दाखवू?” काही दाखवू नका. गाडी बाजूला घ्या आणि दंड भरा.

आम्ही चार-पाच फियाटवेडे मिळून हयात असलेल्या फियाट ११०० ची नोंद ठेवतो. डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघालेली कुठलीही गाडी त्यात चालते. घोळ होतो तो या ‘रजिस्टर’ शब्दाने. मी हल्ली तो शब्दच टाकून दिलाय. आरटीओतलं ते पासिंग आणि आमची ती वही.

पासिंग काय असतं हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. जुन्या गाड्यांपुरती भर पडली ती जुलै २०२१ मध्ये. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, धंद्याला न लावलेली आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीचं पासिंग असेल तर जुना नंबर ठेवायची सोय आहे. बीएमने सुरू होणारा मुंबईचा जुना नंबर सोडून हौसेने व्हीए घ्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की ती गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामांना बाहेर काढायची. मंडईत भाजी आणायला नाही.

५० वर्षांचा हिशेबही लोक करत नाहीत. पद्मिनी हे नावच १९७४ च्या सुमारास आलं, म्हणजे अगदी पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे उंबऱ्यावर पोचल्यात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरताच रस्त्यावरून उतरली. टॅक्सी असल्यामुळे व्हिंटेजच्या नियमात ती बसतच नाही. आमच्या वहीत मात्र तिला पहिल्या दिवसापासून जागा आहे.

फी, मुदत, शिक्का यांवर आणखी शाई घालवत नाही. खरी ठेच लागते ती ‘हयात’ या शब्दाला.

आरटीओच्या लेखी हयात असतो तो कागद. मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की गाडी नष्ट झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, कळवावं आणि आरसी परत करावं. किती जणांनी कळवलं? भंगारवाला रोख पैसे देतो, गॅस कटर चालतो आणि आरसी कपाटात जाऊन पडतं. एकदा साताऱ्याकडून निरोप आला की काकांची सुपर सिलेक्ट, म्हणजे ११०० चंच एक मॉडेल, आहे, कागदपत्रं चोख. गेलो. आरसी बुक खरंच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं, कधीही रद्द न झालेलं. “आणि गाडी?” पुतण्या परसात घेऊन गेला. कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून बोनेट घातलं होतं. बाकी काही नाही. आम्ही वहीत लिहिलं: कागद आहे, गाडी गेली. ओळ खोडली नाही, कारण गेलेल्या गाडीचीही नोंद लागते. उद्या तोच नंबर दुसऱ्या पत्र्यावर चढून विक्रीला आला, तर ही ओळच आडवी येते.

याच्या उलटही असतं. पुण्यात एका वाड्याच्या पडवीत पोत्यांखाली फियाट डिलाइट. आरसी वाळवीने खाल्लेलं, पाटी गायब, टायर जमिनीत रुतलेले. आरटीओसाठी ती नसल्यातच जमा. पण रॉकेलच्या बोळ्याने बोनेटखालचं वंगण पुसलं, कागद धरून वरून पेन्सिल फिरवली आणि चासी नंबराचा एकेक आकडा उमटत गेला. आमच्या दृष्टीने ही गाडी शंभर टक्के हयात.

आम्ही चासी नंबरासाठी हटून बसतो ते यामुळे. जुन्या जीपला वेगळी चासी असते, बॉडी उचलून दुसरी ठेवली तरी गाडी तीच राहते. फियाट ११००-१०३ मध्ये आणि तिच्या पोटी आलेल्या सगळ्या गाड्यांत वेगळी चासी नाहीच, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. दोन मेलेल्या गाड्यांची मिळून एक केली, तर ज्या सांगाड्यावर नंबर ठोकलाय तीच गाडी जगली. दुसरीचं इंजिन, दारं, डिकी सगळं हिच्यात असलं, तरी दुसरी मेली. इंजिन नंबर आम्ही लिहून घेतो, पण त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलेल्या टॅक्स्या ज्याने पाहिल्यात तो ठेवणारही नाही.

ब्रिटनचा दाखला देणारे भेटतात. तिथे जुन्या गाडीला तिचा मूळ नंबर परत हवा असेल, तर सरकारी खातं मान्यताप्राप्त क्लबची शिफारस मागतं, हे खरं आहे. म्हणून तिथे वहीला कागदी वजन आहे. आपल्याकडे गाडी पाहते ती राज्याने नेमलेली समिती. आमच्या पत्राला नियमात जागा नाही आणि आम्ही ते देतही नाही.

वहीसाठी लांबून फोटो पाठवू नका, त्यातही नंबरप्लेट पुसट केलेले तर मुळीच नकोत. नवा चकचकीत रंग मारून ‘ऑल ओरिजिनल’ लिहू नका, अलॉय व्हील दिसतात आम्हाला. गंजलेली पण न छेडलेली गाडी असेल तर मी रात्रीच्या एसटीनेही येईन. आणि तो व्हीए नंबरवाला गृहस्थ? त्याने पाटीचे चारही बाजूंनी फोटो पाठवलेत. बोनेटखालची पेन्सिल प्रिंट अजून आलेली नाही.