'वजन' हा एकच शब्द, सल्ले दोन

ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांनंतर बाईला 'वजन' हा शब्द दोनदा ऐकावा लागतो. त्या बाजूच्या हातानं वजन उचलायचं नाही, आणि वजन वाढू द्यायचं नाही. यातला पहिला सल्ला कुठून आला आणि एवढा का टिकला, ते पाहण्यासारखं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही (लसिका म्हणजे ऊतींमधून निचरा होणारा द्रव, तो या गाठींतून गाळला जातो) काढून टाकत. हात सुजणं, म्हणजे लिम्फेडीमा, हे अनेकींच्या वाट्याला यायचं. पुढे शस्त्रक्रिया आटोपशीर झाली. १९९०च्या दशकात तर आधी मोजक्या ग्रंथी तपासून मगच पुढचं ठरवायची पद्धत आली. सल्ला मात्र जुन्याच मापाचा राहिला.

त्यामागचा तर्क असा: हाताला काम पडलं की रक्तपुरवठा वाढतो, जास्त द्रव पाझरतो, निचऱ्याची वाट अरुंद झालेली असते, म्हणजे सूज येणार. पटण्यासारखा, पण अर्धाच. लसिकेला हृदयासारखा पंप नाही. तिला पुढे ढकलण्यात स्नायूंच्या आकुंचनाचा मोठा वाटा असतो. शिवाय जपून जपून हात एवढा दुबळा होतो की अचानक कडेवर झेपावलेलं मूलही त्याला झेपत नाही.

१९९६ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरला २४ जणी ड्रॅगन बोट वल्हवायला बसल्या. सगळ्या या आजारातून गेलेल्या. लिम्फेडीमा नव्यानं कुणालाच झाला नाही. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा पुरावा म्हणून मोजला गेला नाही. (मनाईकडे पुरावा मागायचं मात्र तोवर फारसं कुणाला सुचलं नव्हतं.)

दोन गटांची तुलना करणारा पुरावा आला २००९ मध्ये. आधीच हात सुजलेल्या १४१ जणींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. हात पाण्यात बुडवून किती पाणी सरकतं त्यावरून सूज मोजली. वर्षभरानंतर सूज वाढलेल्यांचं प्रमाण वजन उचलणाऱ्यांत ११ टक्के, न उचलणाऱ्यांत १२ टक्के. त्रास उफाळून येण्याचं प्रमाण तर १४ विरुद्ध २९. पुढच्याच वर्षी, सूज नसलेल्या पण धोका असलेल्या १५४ जणींच्या अभ्यासात, पाच किंवा जास्त ग्रंथी काढलेल्यांपैकी व्यायाम करणाऱ्या ७ टक्के जणींचा हात सुजला, न करणाऱ्या २२ टक्के जणींचा. अर्थात सुरुवात अगदी हलक्या वजनापासून होती, पहिले १३ आठवडे शिकवणारं माणूस समोर होतं, आणि सुजलेल्या हातावर दाब देणारी स्लीव्ह होती. 'आता काय वाटेल ते उचला' असा याचा अर्थ नव्हे.

दुसऱ्या वजनाचा गुंता अजून सुटायचा आहे. २००५ मध्ये २,९८७ जणींच्या पाहणीत आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. पण चालल्यामुळे तब्येत चांगली राहिली, की तब्येत चांगली म्हणून चालणं जमलं? आहाराच्या चाचण्यांनीही एकच उत्तर दिलं नाही. २००६ मध्ये कमी चरबीच्या आहारानं आजार उलटण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं, २००७च्या मोठ्या चाचणीत फरकच पडला नाही. पहिलीत बायकांचं वजनही उतरलं होतं, दुसरीत नाही. काट्याचाही भरवसा नाही. केमोनंतर स्नायू घटून चरबी वाढू शकते आणि आकडा तोच राहू शकतो.

२०२५ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत आखीव व्यायामानं आजार उलटण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं, पण ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची होती. स्तनाच्या कॅन्सरसाठी वजन उतरवण्याची तीन हजारांहून जास्त जणींची चाचणी २०१६ पासून चालू झाली. सांधेदुखीचं उत्तर त्यामानानं लवकर मिळालं. ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांतल्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी सांधे इतके दुखतात की काही जणी गोळ्याच सोडून देतात. २०१५च्या एका चाचणीत आठवड्यातून दोनदा वजनं उचलून आणि आठवड्याला अडीच तास चालण्यासारखा व्यायाम करून ते दुखणं कमी झालं.