जरबेराचं पाणी आणि खत : पॉलिहाऊसवाल्या आमच्या ग्राहकांसाठी

खतं विकणं हा आमचा धंदा. तरी जरबेरा पिवळा पडला म्हणून कुणी दुकानात आलं, की आम्ही आधी पाण्याचंच विचारतो.

लागवडीनंतर पहिले तीनेक आठवडे झारीनं हलकं पाणी द्या, मुळं सगळीकडे सारखी पसरतात. पुढे फक्त ठिबक. मोठ्या झाडाला दिवसाला 500 ते 700 मिली पाणी पुरतं. ताशी 2 लिटरचा एक ड्रिपर दोन झाडांना असेल, तर अर्ध्या तासात प्रत्येकाला अर्धा लिटर मिळतं. पण ड्रिपर चोंदलेले असले तर हा हिशोब कागदावरच राहतो. महिन्यातून एकदा चार-पाच ड्रिपरखाली पेला ठेवून मोजाच. पाणी सकाळीच द्या, उन्हाळ्यात दोनदा विभागून. पावसाळ्यात निम्म्यावर आणा.

बेडची माती मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. दुपारी झाड मान टाकतं ते दर वेळी तहानेनं नाही. मुळं कुजली तरी तसंच दिसतं, आणि तेव्हा आणखी पाणी सोडलं की झाड गेलंच म्हणून समजा. गड्डा (पानं जिथून फुटतात तो बुंधा) मातीत गाडला गेला असेल तर तो आधी मोकळा करा.

खत : पहिले तीन महिने 19:19:19 (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे), झाडामागे 0.4 ग्रॅम, दिवसाआड. दहा गुंठ्यांतल्या 6000 झाडांना ते 2.4 किलो होतं. फुलं सुरू झाली की 15:8:35, तेवढंच, पण रोज. सूक्ष्म अन्नद्रव्यं पंधरवड्यातून एकदा.

कॅल्शियम नायट्रेट मात्र कधीही 19:19:19 किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या टाकीत मिसळू नका. पांढरा साका बसतो, खतही वाया आणि ड्रिपरही. त्याची टाकी वेगळी, वारही वेगळा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बहुतेक वेळा 7.5 च्या वर असतो, त्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला लागत नाही. अशा वेळी ईडीडीएचए चिलेटेड लोह (जास्त सामूतही झाडाला लागेल असं बांधलेलं) घ्या. स्वस्तातलं ईडीटीए तिथे टिकत नाही. मातीचा सामू 5.5 ते 6.5 हवा.

येताना बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणा. सामू आणि ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) इथेच मोजून देतो, मग काय घ्यायचं ते ठरवू.