पत्रीच्या जुडीतली कण्हेर

गणपतीच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारातून आणलेली पत्रीची जुडी सोडून बघा. एकवीस पत्रींत दूर्वा, शमी, तुळशीबरोबर करवीर, अर्क आणि धत्तूरही सांगितले आहेत, म्हणजे कण्हेर, रुई आणि धोतरा. पूजा आटोपली की सगळं निर्माल्याच्या पिशवीत जातं आणि पिशवी दाराशी टेकून राहते. घरात दात शिवशिवणारं कुत्र्याचं पिल्लू असेल, तर खरा धोका त्या पिशवीत आहे.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘कुत्र्यांना विषारी फुलं’ छापाच्या याद्या सगळ्या फुलांना एकाच ओळीत बसवतात. मोगरा आणि गुलाब निर्धोक आहेत. झेंडू, जास्वंद भरपूर खाल्ली तर उलटी-जुलाब होतात, तेवढंच. लिलीने मांजराची किडनी निकामी होते, कुत्र्याचं बहुधा पोट बिघडून निभावतं. सदाफुली मात्र चघळू देऊ नये. तिच्यातून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन कुत्र्यांच्या कर्करोगावर वापरतात, पण ते सुईतून, मोजून.

कण्हेरीची गोष्टच निराळी. आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात एक पंप असतो. तो तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कू यांनी तो 1957 साली दाखवून दिला आणि 1997 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हे विष बाहेरच्या बाजूने या पंपाला चिकटतं आणि पंप बंद पडतो. मग हृदयाच्या पेशीत सोडियम साचतं. तिथे आणखी एक देवाणघेवाण चालू असते: तीन सोडियम आत आले की त्यांच्या जोरावर एक कॅल्शियम बाहेर जातं. आतच सोडियम तुंबलं की तो जोर ओसरतो आणि कॅल्शियमही आत अडकतं. कॅल्शियम म्हणजे आकुंचनाची आज्ञा. थोडं वाढलं तर ठोका जोरकस होतो, डिजॉक्सिन हे औषध हेच करतं. जास्त वाढलं की पेशी अवेळी ठोके देऊ लागतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारा संदेशही अडतो, म्हणून नाडी कधी मंद तर कधी सैरावैरा चालते. शिवाय पेशीत जायला हवं ते पोटॅशियम रक्तात वाढतं, आणि तेही हृदयाच्याच मुळावर येतं.

‘कडू असते, कुत्रं तोंड लावणार नाही’, ‘जनावराला उपजत कळतं’ ही समजूत सोडून द्यावी. पिल्लू चवीसाठी चावत नाही, काडी दिसली की चावतं. पानं वाळली, उकळली तरी विष उतरत नाही. ज्या पाण्यात फांदी ठेवली ते पाणीही पिऊ देऊ नये. पिवळी कण्हेर (बिट्टी), बाल्कनीतलं अडेनियम आणि रुई याच कुळातली.

आधी लाळ, उलट्या, जुलाब, मग सुस्ती आणि अडखळता ठोका. कण्हेर खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका. तोंडातली पानं काढा, उरलेल्या फांदीचा फोटो घ्या आणि थेट ईसीजीची सोय असलेला पशुवैद्य गाठा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो की जवळचं क्लिनिक, निघतानाच फोन करून कुत्र्याचं वजन सांगा, कारण पोटातलं विष शोषून घ्यायला डॉक्टर देतात त्या औषधी कोळशाची (अॅक्टिव्हेटेड चारकोल) मात्रा किलोला 1 ते 4 ग्रॅम अशी ठरते. तूप, दूध पाजू नका. मिठाचं पाणी तर नकोच: उलटी झाली नाही तर रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो.

फुलांपेक्षा वाईट गोष्ट कुंडीच्या मातीतच असू शकते. एरंडीची पेंड खत म्हणून सर्रास घालतात. ती नीट तापवलेली नसेल तर तिच्यात रायसिन हे जहाल विष शिल्लक असतं, आणि सोबत बोनमील (हाडांचा चुरा) असलं की वासाने कुत्रं माती उकरून खातं. घरात कुत्रं असेल तर एरंडीची पेंड आणूच नका, शेणखतावर भागवा.