पार्श्वभूमी: हॅम रेडिओ, वर्गणी आणि नाशिकची टेकडी

नाशिकमध्ये चार हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवरून बोलणारे, एकत्र बसले की अँटेनाच्या गप्पांवरून विषय हळूच पैशांवर येतो. टेकडीवर रिपीटर, म्हणजे आलेला संदेश उंचावरून पुन्हा सोडणारा सेट, लावायचा, तर बॅटरी कोण देणार? अँटेनाची कोअक्स केबल कुजली की नवी कशातून आणायची? पावसाळ्यात वीज पडून सेट जळाला तर? हे प्रश्न शंभर वर्षांपासून चालत आलेले आहेत, आणि त्यांचे मूळ हौशी रेडिओच्या व्याख्येतच आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनुसार ही सेवा स्वतः शिकण्यासाठी, आपसांत बोलण्यासाठी आणि तांत्रिक प्रयोगांसाठी आहे. तीही निव्वळ आवडीपोटी, आर्थिक लाभ न घेता. भारतातल्या परवान्याचा गाभाही तोच. कुणाचा निरोप पोचवला म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, धंद्याची बोलणी करायची नाहीत, गाणी लावायची नाहीत.

ही अट कुठून आली? अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरींवर ढकलले. त्या लहरी लांबच्या संपर्काला निरुपयोगी, अशी तेव्हाची समजूत होती. या मंडळींनी १९२३ मध्ये त्याच लहरींवरून अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दुतर्फा संभाषण करून दाखवले. मुरमाड माळावर बाग फुलली की त्या माळाला लगेच भाव येतो, तसेच झाले. लघुलहरींवर आता सरकारांची आणि कंपन्यांचीही नजर गेली. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशी लोकांना स्वतःचे फ्रिक्वेन्सी-पट्टे मिळाले. ते टिकले, कारण त्यांवर कुणी व्यापार मांडणार नव्हते. म्हणून नफा न घेण्याची अट मला कधीच जाचक वाटली नाही. आपल्या वाट्याच्या लहरी तिच्याच आधाराने आपल्याकडे राहिल्या आहेत.

भारतात त्याच दशकात दोन प्रयोग झाले आणि दोन्ही पैशांपाशी अडले. मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने १९२४ मध्ये सभासदांच्या बळावर प्रक्षेपण सुरू केले. १९२७ मध्ये पैसे संपले आणि ट्रान्समीटर मद्रास महापालिकेच्या हवाली झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ती नफ्यासाठी काढलेली कंपनी होती, पण रेडिओ संच घेणारे लोक थोडे आणि खर्च मोठा, त्यामुळे १९३० मध्ये तिचे दिवाळे निघाले. तोट्यात कंपनीही गेली आणि क्लबही गेला. घरोघरचे हौशी मात्र राहिले, कारण आपल्या सेटचा खर्च ज्याचा तो करत होता.

मला यात सगळ्यात मोलाची गोष्ट दिसते ती ही: स्वतःचा सेट माणूस जिवापाड जपतो, सामायिक वस्तू आधी बंद पडते.

दुसऱ्या महायुद्धात परवाने रद्द झाले, सेट सरकारजमा झाले. १९४८ मध्ये महूच्या लष्करी सिग्नल स्कूलमध्ये अॅमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. पुढे त्याचीच अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. परदेशी सेट परवडत नसल्यामुळे लष्कराचे मोडीत निघालेले सामान आणायचे आणि त्यातून होमब्रू, म्हणजे घरीच जोडलेला, सेट करायचा, ही रीत पडली. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी मुंबई गाठावी, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधावेत आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतावे, ही सोय नाशिककरांना होतीच. १९८० च्या दशकात आयात शुल्कात सवलत मिळाली. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचे ओळखनाव, व्हीयू२आरजी. तरी होमब्रूची परंपरा तुटली नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स हा सेट बेतला तेव्हा कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले, आणि आराखडा सर्वांना खुला ठेवला. गॅरेजमध्ये बसून तो सेट बनवणारे जगभर निघाले.

आता नाशिककडे. ७ मेगाहर्ट्झवर गच्चीवर सुमारे २० मीटर तारेचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेला साधा अँटेना, बांधला की दिवसा मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर सहज मिळते. लहरी वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होतात, त्यांना घाटाची अडचण नाही. दोन मीटरच्या पट्ट्याचे तसे नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. पाच वॉटची हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट, शहराच्या इमारतींत काही किलोमीटरवरच दमते. म्हणून उंचावर रिपीटर लागतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ६०० किलोहर्ट्झ सरकवून तेच पुन्हा सोडतो. एकाच अँटेनावर दोन्ही कामे व्हायला ड्युप्लेक्सर लागतो आणि तो स्वस्त नसतो. वर मास्ट (अँटेनाचा खांब), बॅटरी, चार्जर, अर्थिंग, जागेची परवानगी आणि दर पावसाळ्याआधी वर चढणारी दोन माणसे. मद्रासच्या ट्रान्समीटरसारखीच ही सामायिक वस्तू आहे.

तिचा उपयोग कधी होतो, हे या शहराला सांगायची गरज नाही. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचे पाणी पात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेले. गर्दीत मोबाइलचे जाळे तुंबते, पुरात वीज जाते. टेकडीवरच्या बॅटरीला दोन्हींचा फरक पडत नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर हॅम आपापले सेट घेऊन गेले होते, त्याचे पैसे कुणी मागितले नव्हते.

नफा न घेणे म्हणजे पैसे गोळा न करणे, असा गैरसमज मात्र आपल्यात खोलवर आहे. वर्गणीला कोणताही नियम आडवा येत नाही. संदेशाचे मोल घ्यायचे नाही, एवढेच. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून याच गावात सभासदांच्या आधारावर उभे आहे. गोदाकाठची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासून श्रोत्यांना विनामूल्य खुली आहे. हॅमनी हाच रस्ता धरावा: सात जणांनी मिळून संस्था नोंदवावी, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी तपासलेला हिशेब द्यावा, वार्षिक वर्गणी ठरवावी आणि बॅटरीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. एकाच उदार माणसाच्या खिशावर रिपीटर चालवू नये. तो माणूस गाव सोडून गेला की रिपीटरही गप्प होतो. २०२७ चा सिंहस्थ जवळ आहे. बॅटरी, मास्ट आणि ड्युप्लेक्सरची रक्कम आत्ता जमवायला घेतली, तरच पुढच्या पावसाळ्याआधी वर चढता येईल.